बिनमुंडक्याचा मोर

धनराज राठोडनं वाशिमकडच्या मालेगावातल्या आपल्या दुकानावरची ‘धनराज फोटो स्टुडिओ’ ही लाल-पिवळी पाटी उतरवून तिच्या जागी ‘डी. आर. व्हिज्युअल्स’ अशी पाटी चढवली, तेव्हा दुकान विकलं गेलं असं समजून बरीचशी गिऱ्हाइकं पासपोर्ट फोटोसाठी समोरच्या दुकानात गेली. नवी पाटी काळी होती, अक्षरं करडी होती आणि एवढ्या मोठ्या पाटीत एकच ठिपका लालभडक होता. तो ठिपका म्हणजे आपली कला, असं धनराजचं म्हणणं होतं. त्याची बायको सुकेशनी दुकानाच्या काउंटरवर बसायची. तिनं पाटीकडे मान वाकडी करून पाहिलं.

“कोनी पान खाऊन थुकलं काय वो पाटीवर?”

“तुले नाही समजत ते,” धनराज म्हणाला. “त्याले सिलेक्टिव्ह कलर म्हनतेत.”

‘तुले नाही समजत’ हे वाक्य हल्ली त्याच्या तोंडी बसलं होतं. नागपूरला फोटोग्राफीची एक कार्यशाळा झाली होती. तिथं दाढीवाल्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं की रंग म्हणजे गोंगाट. सगळा फोटो काळा-पांढरा करावा आणि त्यात एकच वस्तू रंगीत ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर नेमकी तिच्यावर जाते. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच होती. पण ती ऐकून धनराज असा परतला, की उतरल्या उतरल्या बसस्टँडवरच्या केळीवाल्याकडेही तो कीव आल्यासारखा पाहू लागला. केळी पिवळी होती, हातगाडी निळी होती आणि केळीवाल्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

अवघा वाशिम जिल्हा धनराजच्या नजरेतून उतरला तो तेव्हापासून. इथल्या लोकांना कपडे भडक लागतात, मांडव भडक लागतो, ट्रॅक्टरसुद्धा गोंडे लावून लागतो. यांना कला कशी कळणार, अशी त्याची तक्रार होती. स्वतः तो करडे शर्ट घालू लागला. त्यातल्या एका शर्टाला त्यानं मुद्दाम एकच लाल गुंडी लावून घेतली होती. गिऱ्हाइकं ती गुंडी पाहून “जुनी हरपली काय?” असं मायेनं विचारायची.

कलेचा पहिला प्रसाद घरच्यांनाच मिळाला. पोहरादेवीच्या यात्रेत त्यानं आपल्या आईचा, धनीबाईचा, फोटो काढला. म्हातारीनं मुद्दाम आरशांचा, कवड्यांचा, ठेवणीतला घागरा घातला होता. धनराजनं घागऱ्याचा सगळा रंग काढून टाकला आणि तिच्या शेजारी पडलेली प्लास्टिकची बादली तेवढी निळी ठेवली.

“बादली हा फोटोचा केंद्रबिंदू हाय,” त्यानं समजावलं.

“माह्या घागऱ्याले म्या वर्षभर टाके घातले,” धनीबाई म्हणाली, “अन् तुले बादली दिसली? मंग त्या बादलीलेच माय म्हन आता.”

अमरसिंग नावाच्या शेतकऱ्यानं पोळ्याला बैलजोडी स्टुडिओसमोर आणली होती. शिंगं रंगवण्यात त्या बिचाऱ्याची सकाळ गेली होती. फोटो हातात आला तेव्हा बैल करडे, शिंगं करडी, झूल करडी आणि मागच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात तेवढी झगझगीत हिरवी होती. अमरसिंगनं फोटो उलटा करून पाहिला, सरळ करून पाहिला आणि बैलांना घेऊन तो समोरच्या दुकानात गेला. तरी धनराज खचला नाही. कळणारा माणूस आयुष्यात एकच भेटला तरी पुरतो, असं त्याला वाटायचं. सुकेशनीला मात्र तो एक माणूस पासपोर्ट फोटोच्या रांगेत शोधूनही दिसत नव्हता.

तो माणूस रतनलाल शेठच्या रूपानं भेटणार, अशी धनराजला आशा होती. रतनलाल म्हणजे बाजारपेठेतले कापडाचे जुने जैन व्यापारी. त्यांच्या मुलीचं, चंदनाचं, लग्न रिसोडच्या घरात ठरलं आणि फोटोचं काम धनराजला मिळालं. धनराजचा खरा डोळा मात्र त्यानंतरच्या लग्नावर होता. चंदनाचा मोठा भाऊ अर्हम. त्याचं कारंज्याच्या बड्या घरात जुळत आलं होतं. तीन दिवसांचं लग्न, अकोल्या-अमरावतीचे पाहुणे, ड्रोन आणि काय काय. चंदनाच्या अल्बमनं मंडळी खूश झाली तर अर्हमचं लग्न आपल्याकडेच येणार आणि ते एक लग्न पार पडलं की आपण मालेगावच्या बाहेर पडलोच, असा त्याचा हिशेब होता. मग ‘कान दिसू द्या’, ‘दात नका दाखवू’ म्हणत पासपोर्ट फोटो काढायला जन्मभर उभं राहावं लागणार नव्हतं.

चंदनाचा साखरपुडा झाला, हळद झाली, लग्न झालं आणि रिसोडला स्वागत समारंभही झाला. धनराजनं सगळीकडे फोटो काढले. मांडव, मेणा, मेंदी, हे सगळं त्याला कसंबसं सोसलं. त्याचं डोकं फिरलं ते आहेराच्या फोटोंनी.

आहेराचा फोटो हा प्रकार ज्यानं पाहिला नाही असा माणूस या भागात सापडणार नाही. देणारी बाई साडीचं पाकीट पुढे करते, घेणारी ते धरते आणि मग दोघीही पाकीट न सोडता कॅमेऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. फोटो निघेपर्यंत ती साडी कुणाचीच नसते. फोटो निघाला की आहेर झाला. नाही निघाला तर पुढची वीस वर्षं ‘आमच्या हाताले काय लागलं’ हे ऐकून घ्यावं लागतं. एकामागून एक शेकडो पाकिटं, तेच हात, तेच हसू. हे फोटो काढून धनराज विटला होता.

त्या पाकिटांचं पुढं काय होतं, हे मात्र त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. पाकीट मंचामागच्या मोठ्या पिशवीत जातं. घरी गेल्यावर बायका पिशवी उघडून साड्या निवडतात. नेसण्याजोग्या एकीकडे आणि देण्याघेण्याच्या दुसरीकडे. देण्याघेण्याची साडी ही जातच निराळी. ती कुणी नेसायची नसते. तिची घडी मोडायची नसते, पाकिटाची टाचणीसुद्धा काढायची नसते. एका लग्नात आली, दुसऱ्या लग्नात गेली. प्रत्येक घरात हे चालतं, प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं आणि आपल्या घरात हे चालतं असं मात्र कुणीही कबूल करत नाही. लग्नात रंगच इतके असतात की कोणती साडी कुठून कुठं गेली, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

ब्रह्मदेवाला जे जमलं नसतं ते धनराजनं केलं. आहेराच्या फोटोंनाही कलेचं रूप द्यायचं त्यानं ठरवलं. बायका काळ्या-पांढऱ्या, मंच काळा-पांढरा, फुलंही काळी-पांढरी आणि मधल्या पाकिटातली साडी तेवढी रंगीत. संगणकावर एकेका पाकिटाची कड गिरवत तो तासन्‌तास बसला. कडा गिरवता गिरवता त्याच्या लक्षात आलं की एक रंग पुन्हा पुन्हा येतो आहे. पिकल्या पपईचा रंग आणि त्याला जांभळा काठ. साखरपुड्यात आहे, हळदीत आहे, लग्नात आहे, स्वागत समारंभातही आहे. दुसऱ्या कुणाही माणसाला इथं शंका आली असती. धनराजला साक्षात्कार झाला.

“आवर्तन!” तो ओरडला.

“काय झालं?” काउंटरवरून सुकेशनीनं विचारलं. “चावलं काय काही?”

“एकच रंग पूर्ण लग्नात वाहून राह्यला. याले आवर्तन म्हनतेत. तुले नाही समजत.”

सुकेशनीनं येऊन पडद्याकडे पाहिलं. ती पाहतच राहिली.

“अहो, हे फोटो एकाजागी नका लावू.”

“काहून?”

“नका लावू म्हनलं ना. बायकाइची गोष्ट हाय.”

“कलेत बायका-मानसं नसतात,” धनराज म्हणाला आणि ते चारही फोटो त्यानं अल्बमच्या ऐन मधल्या जोडपानावर शेजारी शेजारी लावले.

चंदना सासरहून पहिल्यांदा माहेरी आली, त्या दिवशी धनराज अल्बम घेऊन रतनलाल शेठच्या घरी हजर झाला. दिवाणखाना भरलेला होता. चंदनाला सोडायला तिच्या सासूबाई, म्हणजे रिसोडच्या विहीणबाई, स्वतः आल्या होत्या. रतनलाल शेठची थोरली बहीण गोमतीबाई गावातच राहायच्या, त्याही आल्या होत्या. शेठची बायको राजमतीबाई चिवडा वाढत होत्या. अर्हम दारापाशी मोबाइल पाहत उभा होता. धनराजनं लाल गुंडी चाचपली आणि अल्बम चौरंगावर ठेवला.

पहिली पानं उलटली. मग गोमतीबाई म्हणाल्या, “काहून रे बावा, लाइट गेली होती काय लग्नात?”

“कला हाय ते, आत्याबाई,” धनराज मोठ्या सहनशीलतेनं म्हणाला. “नजर जिथं जायले पाह्यजे तिथंच जाते. अन् एक सांगतो, ह्याच्यात एकबी रंग खोटा नाही. जो होता तोच ठेवला. म्या माह्या मनानं काही भरत नसतो.”

“ते चांगलं हाय,” विहीणबाई म्हणाल्या. “खोटेपना मले बी खपत नाही.”

धनराजला भरून आलं. इतक्या दिवसांत कुणीतरी त्याच्या कलेला चांगलं म्हटलं होतं. त्या भरात तो पुढे सरला आणि त्यानं मधलं जोडपान स्वतःच्या हातानं उघडलं.

“इथं जरा थांबा. हे माह्यं सगळ्यात भारी काम हाय. शांतपनं पाहा.”

सगळे शांतपणे पाहू लागले. पहिल्या फोटोत साखरपुड्याला विहीणबाई राजमतीबाईंना साडी देत होत्या. दुसऱ्यात हळदीच्या दिवशी राजमतीबाई नणंदेला, म्हणजे गोमतीबाईंना, साडी देत होत्या. तिसऱ्यात लग्नात गोमतीबाई भाचीला आत्याचा आहेर करत होत्या. चौथ्यात स्वागत समारंभावेळी नवी सून चंदना पाया पडून सासूबाईंना साडी देत होती. चारही फोटोंत माणसं राखेच्या रंगाची होती आणि मधोमध पपई झळकत होती.

बायकांच्या ध्यानात यायला क्षणभर पुरला आणि तिघींनीही एकदमच चिवड्याकडे पाहायला सुरुवात केली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण रतनलाल शेठना कापड दिसलं की राहवत नसे. त्यांनी चष्मा सरकवला.

“अरे वा! चारी जागी एकच डिझाइन.”

“डिझाइन नाही शेठजी, आवर्तन,” धनराज म्हणाला.

“आवर्तन कायचं? साडीच एक हाय ना ही.” शेठ अल्बमवर वाकले. “हा मोर पाहा पदराचा. घडी बरोबर मानेवर आली म्हनून मोराले मुंडकं नाही. इथं बी नाही. इथं बी नाही. अन् हे पाहा, इथं बी नाही! मानलं बाप्पा, कोनी घडीच मोडली नाही.”

धंद्यातली नजर पक्की असल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. दिवाणखान्यात दुसऱ्या कुणालाही आनंद झालेला दिसला नाही.

“वैनी,” गोमतीबाई सावकाश म्हणाल्या, “हळदीले तू म्हनली होती ना, ननंदबाईसाठी खास सुरतेहून मागोली म्हनून?”

“अन् तुमी काय केलं?” राजमतीबाईंनी चिवड्याचा डबा खाली ठेवला. “मी देल्लेली साडी माह्याच पोरीले आहेर केली? एकुलत्या एक भाचीले?”

“तुले चालते अन् मले नाही चालत?”

“मले तं विहीणबाईनं देल्ली होती. ‘माह्या पसंतीची हाय’ म्हने. मी भोळी, विश्वास ठेवला.”

आता सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला. मुलाकडची बाजू असल्यानं त्यांना घाई नव्हती.

“पसंतीचीच होती,” त्या म्हणाल्या. “पोरगी पसंत केली त्या दिवशी तुमच्याच घरून मले भेटली होती. तुमची वस्तू तुमाले परत केली. त्या दिवशी फोटोवाला नव्हता म्हनून तुमचं झाकलं.”

“हां, बरोबर!” रतनलाल शेठनी मांडीवर थाप मारली. “मी म्हनूच राह्यलो, मोर ओळखीचा काहून वाटते. आपल्याच दुकानातली हाय. लय दिवस खपत नव्हती, मंग मीच म्हनलं हिले, घेऊन जा घरी, देण्याघेण्याले होईन.”

राजमतीबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दुसरा एखादा माणूस जैन धर्म सोडूनसुद्धा पळून गेला असता. शेठ अल्बम पाहण्यात गुंग होते. चंदना मात्र बसल्या जागी पुटपुटली, “मंग म्या पाया पडून सासूबाईले देल्ली ते...” आणि तिची नजर दिवाणावर गेली.

रीत म्हणून विहीणबाईंनी येताना राजमतीबाईंसाठी साडी आणली होती. तासाभरापूर्वी दारातच ती दिली होती. ती पिशवी दिवाणावर तशीच पडली होती आणि पिशवीतून पाकिटाचा कोपरा डोकावत होता. कोपरा जांभळा होता. शेठनी हात लांबवून पाकीट बाहेर काढलं आणि उजेडात धरलं.

“हे घ्या! हाच तो मोर. अजून मुंडकं नाही त्याले.”

अशा वेळी शहाणा माणूस चपला हातात घेऊन मागच्या दारानं निघून जातो. धनराज कलावंत होता. आपल्या कलेनं एवढी खळबळ माजवली, हे पाहून त्याची छाती फुगली.

“हेच तं म्या म्हनून राह्यलो,” तो म्हणाला. “सिलेक्टिव्ह कलरची ताकद हाय ही. साध्या रंगीत फोटोत हे तुमाले कोनालेच दिसलं नसतं!”

तीन बायका एकमेकींवर धावून जाण्याच्या बेतात होत्या, त्या थबकल्या. वाक्यातली मेख पहिल्यांदा गोमतीबाईंना उमजली.

“काय म्हनला तू? रंगीत फोटोत दिसलं नसतं?”

“बिलकुल नाही.”

“मंग ते नव्हतंच,” गोमतीबाई म्हणाल्या. “वैनी, ध्यानात आलं काय तुले? हे यानं रंगोलं हाय. कॉम्प्युटरवर बसला अन् चार साड्याइले एकच रंग फासला. माही साडी तं हिरवी होती.”

राजमतीबाईंचा चेहरा उजळला. “मी म्हनूच राह्यली! मी ननंदबाईले देल्ली ते जांभळी होती. चांगली भरजरी.”

“मी निळी देल्ली होती,” खोटेपणा न खपणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या. “मले पक्कं आठवते.”

“अन् ही?” शेठनी हातातलं पाकीट वर केलं.

राजमतीबाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, दिवाणावर ठेवलं आणि त्या त्यावर बसल्या. “कोनती?” त्यांनी विचारलं.

आता सगळ्या डोळ्यांचा रोख धनराजकडे वळला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या त्यानं सोसल्या असत्या, पण खोटा रंग फासला म्हणजे काय? ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता तिच्यावरच या बायकांनी घाव घातला होता. त्यानं थैलीतून लॅपटॉप काढला.

“हे पाहा ओरिजनल! माह्याजोळ ओरिजनल फोटो हाय सगळे!”

पडद्यावर साखरपुड्याचा मूळ फोटो उघडला. झेंडूच्या माळा, गुलाबी पडदे, जरीची तोरणं आणि बायकांचे नाना रंगांचे शालू. नजर ठरेना.

“कोठी हाय साडी?” गोमतीबाईंनी डोळे बारीक केले. “मले तं काहीच दिसून नाही राह्यलं. किती सुंदर फोटो हाय हा! असा होता तं बिघडोला कायले?”

“थांबा, मोठा करून दाखवतो...”

“दिसला, दिसला!” रतनलाल शेठ ओरडले. “मोर दिसला!”

तेवढ्यात दारापाशी उभा असलेला अर्हम धनराजजवळ आला. हा मुलगा कमी बोलायचा, पण बापाच्या गादीवर बसून त्याला गिऱ्हाईक कधी उठवायचं हे कळत होतं. त्यानं लॅपटॉप हळूच बंद केला.

“धनराजभाऊ,” तो हळू आवाजात म्हणाला, “माह्या लग्नाचे फोटो कोनी काढाचे, हे अजून ठरलं नाही. आईच ठरोनार हाय. आता तुमी काय ते पाहा.”

धनराज कात्रीत सापडला. एकीकडे कारंज्याचं तीन दिवसांचं लग्न होतं आणि दुसरीकडे त्याची कला. ती खरी असल्याचं इथं प्रत्येकाला ठाऊक होतं आणि नेमकं म्हणूनच ती कुणालाही नको होती. त्यानं रतनलाल शेठकडे आशेनं पाहिलं. शेठनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि चिवडा खाल्ला. धनराजनं अल्बम मिटला. पुढं जे बोलायचं होतं ते बोलताना त्याचा चेहरा पासपोर्ट फोटोतल्यासारखा झाला. कान दिसत होते, दात दिसत नव्हते.

“चुकलं माह्यं, भाभीजी,” तो म्हणाला. “साड्या येगयेगळ्या होत्या. सॉफ्टवेअर नवं हाय. एकच रंग बसला सगळ्याइले.”

“अन् मोर?” शेठना राहवलं नाही.

“मोर बी... मोर बी त्यानंच बसोला.”

“मुंडक्याशिवाय?”

“ते अजून शिकून राह्यलो मी.”

दिवाणखान्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. चंदना तोंडावर पदर धरून आत पळाली. गोमतीबाई वहिनीला म्हणाल्या, “पाह्य बाई, उगीच तुयावर संशय घेतला मी,” आणि राजमतीबाईंनी त्यांच्या ताटात चिवडा वाढला. विहीणबाईंना धनराजची दया आली. कुणी आपल्यासाठी खोटं बोललं की त्यांना नेहमीच दया यायची.

“एवढं मनाले नका लावून घेऊ,” त्या म्हणाल्या. “तुमच्या समोरच एक फोटोवाला हाय ना? त्याच्यापाशी बसत जा थोडा वेळ. चांगले रंगीत काढते तो.”

धनराजनं मान हलवली. असा अपमान त्याचा समोरच्या दुकानदारानंही कधी केला नव्हता.

“हा अल्बम घेऊन जा अन् पूर्ण रंगीत करून आना,” राजमतीबाईंनी निकाल दिला. “अन् अर्हमच्या लग्नात असले चाळे चालनार नाही, आताच सांगून ठेवते. रंग भरपूर पाह्यजे. झेंडू झेंडूसारखा दिसला पाह्यजे.”

म्हणजे लग्न मिळालं होतं! धनराजला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. तो निघाला तेव्हा राजमतीबाई दारापर्यंत आल्या. मुलीच्या लग्नात फोटोवाल्याला आहेर करायचा राहून गेला होता म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं ठेवलं.

“घरच्यासाठी हाय. नाही म्हनू नका.”

दुकानात येऊन त्यानं सुकेशनीला सगळं सांगितलं. तिनं ‘मी म्हटलं होतं’ असं एकदाही म्हटलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. मग तिनं पुडक्याचा कागद सोडला. आत पिकल्या पपईचा रंग होता, जांभळा काठ होता आणि मोराला मुंडकं नव्हतं.

“परत करून येतो!” धनराज ताडकन उठला. “आपल्याले काय समजून राह्यले हे लोकं?”

“बसा खाली,” सुकेशनी म्हणाली. तिनं पाकिटाची टाचणी तपासली, ते पुसलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. “अर्हमच्या लग्नात आपल्याले आहेर करा लागन का नाही?”

“पन फोटोत येईन ना!”

“तुमीच तं काढान फोटो. सगळं रंगीत असलं की काही दिसत नाही, हे तुमीच सांगतलं ना त्याइले?”

दुकानावरची काळी पाटी काही दिवसांनी उतरली. लाल-पिवळी परत चढली आणि समोर गेलेली गिऱ्हाइकं कान दाखवायला परत आली. धनीबाईच्या घागऱ्याचा रंगीत फोटो दुकानाच्या काचेत लागला. बादली त्यातून कापून टाकली होती.

अर्हमचं लग्न थाटात झालं. कारंज्याची मंडळी, ड्रोन, मंचावर झेंडूचा डोंगर. धनराज लाल शर्ट घालून फोटो काढत होता. आहेर सुरू झाला आणि रांगेत सुकेशनी आली. तिनं वाकून नमस्कार केला आणि पाकीट राजमतीबाईंच्या पुढे धरलं. राजमतीबाईंनी सवयीनं ते धरलं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि मग खाली नजर टाकली. मोर तसाच होता. शेजारी कारंज्याच्या नव्या विहीणबाई उभ्या होत्या. त्यांच्याशेजारी गोमतीबाई होत्या. गोमतीबाईंनीही मोर पाहिला आणि त्या म्हणाल्या, “किती सुंदर रंग हाय बाई!”

राजमतीबाई हसू न ढळू देता, ओठ न हलवता बोलल्या, “रंगीतच काढता ना, धनराजभाऊ?”

“एकदम रंगीत, भाभीजी,” धनराज म्हणाला. त्यानं कॅमेऱ्यातला रंग वाढेल तेवढा वाढवला आणि बटण दाबलं.